रेड साठवण, व्हिडिओ संपादनातील

रेड साठवण : अनेक स्वतंत्र तबकड्या (डिस्क) एकत्र जोडून त्या संगणकाला एकाच मोठ्या तबकडीप्रमाणे भासतील, अशा रीतीने केलेली माहिती साठविण्याची योजना. माहिती अनेक तबकड्यांवर विभागून ठेवल्याने तिची ने-आण जलद होते आणि तिच्याबरोबर काही अतिरिक्त माहिती राखून ठेवल्यास एखादी तबकडी निकामी झाली, तरी काम खंडित होत नाही. ‘स्वस्त तबकड्यांचा अतिरिक्ततायुक्त व्यूह’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘रेड’ हे नाव पडले. पुढे त्यातील ‘स्वस्त’ या शब्दाऐवजी ‘स्वतंत्र’ अशा अर्थाचा शब्द रूढ झाला.

इतिहास : निकामी झालेल्या साठवण घटकातील माहिती उरलेल्या घटकांवरून पुन्हा मिळविण्याच्या पद्धतीचे एकस्व (पेटंट) आयबीएम या कंपनीतील नॉर्मन केन औची यांच्या नावे १९७८ साली नोंदले गेले. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या कल्पनेची पद्धतशीर मांडणी केली. मोठ्या व महाग तबकडीऐवजी वैयक्तिक संगणकांसाठी बनणाऱ्या लहान तबकड्यांचा समूह वापरावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांनी १ ते ५ असे पाच प्रकार वर्णिले; ० व ६ हे प्रकार नंतर रूढ झाले.

व्हिडिओ संपादनाची गरज : लेखनकामात संगणक थोडी थोडी माहिती वाचतो आणि क्षणभराचा विलंब जाणवत नाही. व्हिडिओ संपादनात मात्र माहितीचा ओघ ठराविक वेगाने अखंड मिळावा लागतो. तो तुटल्यास दृश्य अडखळते. ३,८४० × २,१६० चित्रबिंदूंचे, सेकंदाला २५ चौकटींचे व १० बिट खोलीचे ४:२:२ पद्धतीचे असंकोचित चित्रण घेतल्यास त्याला दर सेकंदास सुमारे ५१८ मेगॅबाइट माहिती लागते. म्हणजे एका तासाच्या चित्रणास सु. १·८७ टेराबाइट जागा लागते. हेच चित्रण ‘प्रोरेस ४२२ एचक्यू’ या संपादनयोग्य संकोचित स्वरूपात ठेवल्यास ओघ सु. ७३७ मेगॅबिट, म्हणजे दर सेकंदास सु. ९२ मेगॅबाइट इतका होतो. चार कॅमेऱ्यांचे चित्रण एकाच वेळी पाहावयाचे असेल, तर हा आकडा चौपट म्हणजे ३६८ मेगॅबाइट होतो.

मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी आधुनिक फिरती तबकडी बाहेरील वर्तुळमार्गांवर दर सेकंदास २०० मेगॅबाइट किंवा त्याहून काहीशी अधिक माहिती देऊ शकते. आतील मार्गांवर हा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. त्यामुळे तबकडी जसजशी भरते तसतशी ती मंदावते. शिवाय एकाच वेळी अनेक चित्रण-धारिका (फाइली) वाचताना वाचक-शीर्षाला सतत मागेपुढे जावे लागते व प्रत्यक्ष वेग आणखी घटतो. यावरून एकाच फिरत्या तबकडीवर अशा संपादनाचे काम का भागत नाही, हे स्पष्ट होते.

प्रमुख प्रकार : रेड ० मध्ये माहितीचे पट्टे पाडून ते सर्व तबकड्यांवर आळीपाळीने लिहितात. वेग व जागा सर्वाधिक मिळतात. परंतु एक तबकडी निकामी झाली, तरी संपूर्ण समूहातील माहिती जाते. एका तबकडीच्या वर्षभरात बिघडण्याची संभाव्यता २ टक्के मानली, तर आठ तबकड्यांच्या अशा समूहाच्या बाबतीत ती सु. १५ टक्के होते. रेड १ मध्ये प्रत्येक तबकडीची तंतोतंत प्रत दुसऱ्या तबकडीवर ठेवतात. रेड १० मध्ये अशा जोड्यांवर पट्टे पाडतात; यात निम्मी जागा खर्ची पडते.

रेड ५ चे तत्त्व समतेवर आधारलेले आहे. समजा, तीन तबकड्यांवर अनुक्रमे १, ०, १ हे अंक आहेत. चौथीवर असा अंक लिहितात की, एकूण १ अंकांची संख्या सम व्हावी. येथे तो ० होय. पहिली तबकडी निकामी झाल्यास ०, १, ० हे अंक उरतात. त्यांत १ ची संख्या विषम असल्याने हरवलेला अंक १ असला पाहिजे, हे कळते. रेड ५ मध्ये ही समता-माहिती सर्व तबकड्यांवर वाटलेली असते आणि एका तबकडीइतकी जागा खर्च होते. रेड ३ मध्ये ती एकाच तबकडीवर असे. सलग वाचनास अनुकूल असल्याने हा प्रकार व्हिडिओच्या कामात एके काळी वापरीत. रेड ६ मध्ये दोन स्वतंत्र समता-माहिती ठेवतात व दोन तबकड्या एकदम निकामी झाल्या, तरी माहिती शाबूत राहते. ८ टेराबाइटच्या आठ तबकड्यांचा समूह केल्यास रेड ० मध्ये ६४, रेड ५ मध्ये ५६, रेड ६ मध्ये ४८ व रेड १० मध्ये ३२ टेराबाइट जागा वापरता येते.

निवड : मूळ चित्रणाची प्रत अन्यत्र सुरक्षित असेल व केवळ तात्पुरत्या धारिका ठेवावयाच्या असतील, तरच रेड ० योग्य ठरतो. तीन-चार तबकड्यांच्या लहान संचास रेड ५ पुरतो. तबकड्या मोठ्या व सहा-आठ वा अधिक असतील, तर रेड ६ श्रेयस्कर होय. समता-पद्धतींत छोट्या लेखनासाठी जुनी माहिती व जुनी समता वाचून दोन्ही नव्याने लिहावी लागतात. म्हणून असंख्य लहान धारिकांच्या कामास रेड १० बरा पडतो. व्हिडिओचे लेखन बहुधा मोठे व सलग असल्याने ही उणीव तेथे कमी जाणवते.

रेड ६ ची शिफारस करण्याचे कारण पुनर्बांधणीत आहे. बिघडलेल्या तबकडीच्या जागी नवी बसविल्यावर तिच्यावरील माहिती उरलेल्या तबकड्या संपूर्ण वाचून पुन्हा तयार करावी लागते. १६ टेराबाइटची तबकडी सेकंदाला २०० मेगॅबाइट वेगाने लिहिली, तरी २२ तासांहून अधिक काळ लागतो. संपादन चालू असेल, तर याहूनही जास्त. या काळात रेड ५ ला कोणतेही संरक्षण उरत नाही. एकाच वेळी घेतलेल्या, सारख्याच वापरलेल्या तबकड्या पाठोपाठ बिघडण्याचा संभव असतो आणि हा धोका नेमका या अवधीत उद्‌भवतो. वर्तुळमार्ग एकमेकांवर अंशतः चढवून लिहिणाऱ्या तबकड्या पुनर्बांधणीत फार मंदावतात, म्हणून त्या अशा समूहात टाळतात.

साठवण जलद असूनही जोडणी अपुरी असल्यास तिचा लाभ मिळत नाही. सेकंदाला १ गिगॅबिट क्षमतेच्या जाळ्यातून तत्त्वतःही १२५ मेगॅबाइटपेक्षा अधिक माहिती जात नाही. अनेक संपादकांनी एकच समूह वापरावयाचा असेल, तर १० गिगॅबिट जाळे लागते. घन-अवस्था साठवणीत (एसएसडी) फिरते भाग नसल्याने चालू काम तीवर व मोठा संग्रह फिरत्या तबकड्यांच्या समूहावर, अशी विभागणी पुष्कळ ठिकाणी करतात.

मर्यादा : रेड म्हणजे राखीव प्रत नव्हे. तबकडीच्या बिघाडापासून ती संरक्षण देते. चुकून पुसणे, आग, चोरी किंवा खंडणीखोर संगणक-विषाणू यांपासून देत नाही, कारण पुसण्याची आज्ञा सर्व तबकड्यांवर तितक्याच तत्परतेने अमलात येते. टॉय स्टोरी २ या चित्रपटाचे काम चालू असताना १९९८ साली पिक्सार या संस्थेत एका चुकीच्या आज्ञेने बहुतेक चित्रपट पुसला गेला आणि राखीव प्रतीही सदोष असल्याचे आढळले. घरून काम करणाऱ्या एका तंत्रनिर्देशिकेच्या संगणकावर प्रत होती म्हणून काम वाचले. यास्तव चित्रणाच्या तीन प्रती, दोन भिन्न माध्यमांवर व त्यांपैकी एक अन्य स्थळी ठेवावी, असा संकेत आहे. त्या प्रतींवरून माहिती खरोखर परत मिळते की नाही, हेही वेळोवेळी तपासून पाहणे आवश्यक असते. तबकडी पुन्हा विकत घेता येते. एकदाच घडलेल्या प्रसंगाचे चित्रण मात्र पुन्हा करता येत नाही.