टाकाऊ लाकूड, महागडी हमी

टाकाऊ लाकडापासून मिळणारी वीज स्वस्तच पडेल, हा समज किती फसवा असू शकतो, याचा प्रत्यय अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या गेन्सव्हिल शहराला आला. तोडणीनंतर जंगलात उरलेल्या फांद्या आणि ढलप्या जाळून सुमारे १०० मेगावॉट वीज निर्माण करणारा खाजगी प्रकल्प तेथे २०१३ साली सुरू झाला. शहराच्या वीजसंस्थेने २००९ मध्येच तीस वर्षांच्या खरेदीची हमी दिली होती आणि या हमीच्याच आधारावर भांडवल उभे राहिले. पुढे नैसर्गिक वायू स्वस्त झाला. प्रकल्पाची वीज घेणे परवडेना. परंतु न घेतली तरी संच सज्ज ठेवल्याचा आकार चुकत नव्हता. अखेर २०१७ मध्ये कर्ज काढून शहराने ७५ कोटी डॉलरना प्रकल्पच विकत घेतला. अशी हमी भांडवलदाराचे रक्षण करते. तिचा भार मात्र ग्राहकाच्या बिलावर पडतो. तेव्हा अन्य इंधन स्वस्त झाल्यास तोटा कोणी सोसावयाचा, हा प्रश्न करारावर सही होण्यापूर्वीच विचारला गेला पाहिजे.