वाचायची आज्ञा आणि पाळायची आज्ञा

गावच्या नाटकाची वही आपण पाहिली असेल. तीत संवाद असतात आणि मधूनमधून कंसात सूचना असतात : पडदा पडतो, दिवे मंद होतात. संवाद नटानं म्हणायचे, सूचना पडदेवाल्यानं पाळायच्या. आता समजा, एका पात्राच्या संवादातच कुणी कंसासकट 'पडदा पडतो' असं लिहिलं. पडदेवाला दोरी सोडील आणि भर अंकात पडदा खाली येईल!

संगणकाची आज्ञावली लेखात छापताना नेमकी हीच अडचण येते. आज पुष्कळ शिक्षक व विद्यार्थी आज्ञावल्या लिहायला शिकतात आणि त्यांवर लेख लिहून संकेतस्थळांना पाठवतात. लेखातला आज्ञावलीचा उतारा वाचकानं वाचायचा असतो. संगणकानं तो तिथल्या तिथे पाळायचा नसतो. पण संगणकाला हा फरक कुणीतरी सांगावा लागतो.

संकेतस्थळाचं पान एचटीएमएल नावाच्या भाषेत लिहितात. तिच्यात सूचना कोनी कंसात असतात, म्हणजे गणितातल्या 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठा' या दोन चिन्हांमध्ये. पान दाखवणारा ब्राउझर हा आपला पडदेवाला. उताऱ्यात 'पेक्षा लहान' या चिन्हाला लागून इंग्रजी अक्षर आलं, की तो ती सूचना समजतो. मग उताऱ्याचा तेवढा भाग पानावरून नाहीसा होतो. शिकणारा मुलगा अर्धवट आज्ञावली उतरवून घेतो, ती चालत नाही, आणि त्याला वाटतं आपलंच डोकं चालत नाही.

यावर उपाय सोपा आहे. ते चिन्ह जसंच्या तसं न पाठवता त्याचं सांकेतिक रूप पाठवायचं : प्रथम अँपरसँड, म्हणजे इंग्रजी 'अँड' ऐवजी काढतात ते वळणदार चिन्ह, पुढे एल आणि टी ही अक्षरं, शेवटी अर्धविराम. ब्राउझर हे पाहून चिन्ह नुसतं दाखवतो, पाळत नाही. मात्र क्रम सांभाळावा. मजकुरातली मूळ अँपरसँड आधी बदलावी आणि कोनी कंस नंतर. उलट केलं, किंवा तेच काम दोनदा केलं, तर वाचकाला चिन्हाऐवजी एल-टी ही अक्षरंच दिसतात. म्हणून लेखकाचा मजकूर आला तसा जपून ठेवावा आणि हा बदल पान दाखवताना एकदाच करावा.

हे न केल्यास केवळ उतारा बिघडतो असं नव्हे. 4 ऑक्टोबर 2005 ची गोष्ट. अमेरिकेतल्या मायस्पेस या संकेतस्थळावर समी कामकार या 19 वर्षांच्या तरुणानं स्वतःच्या पानात एक आज्ञावली दडवली. जो ते पान उघडी, त्याच्या नावानं ती आज्ञावली समीला मैत्रीची विनंती पाठवी आणि त्याच्याही पानात जाऊन बसे. सुमारे 20 तासांत दहा लाखांहून अधिक लोकांची पानं अशी बाधित झाली. संकेतस्थळानं धोक्याचे शब्द गाळण्याची व्यवस्था केली नव्हती असं नाही. पण बंदी घातलेला शब्द समीनं दोन ओळींत तोडून लिहिला. गाळणीला तो ओळखता आला नाही, काही ब्राउझरांनी मात्र तो जोडून वाचला! यातून धडा असा, की वाईट शब्दांची यादी करून भागत नाही. बाहेरून आलेला सगळाच मजकूर 'वाचायचा' म्हणून दाखवावा, आणि ठळक अक्षरं, दुवे अशा मोजक्या सूचनांनाच परवानगी द्यावी.

दुसरी बाब मोकळ्या जागेची. ब्राउझर एकापुढे एक आलेल्या चार मोकळ्या जागा एकच करून टाकतो. गोष्टीच्या लेखात त्यानं बिघडत नाही. पण पायथन या 1991 साली आलेल्या भाषेत ओळ किती आत सरकवली यालाच अर्थ असतो. त्यासाठी एचटीएमएलमध्ये 'प्री' नावाची खूण आहे. तिच्या आतली मोकळी जागा आणि ओळी जशाच्या तशा राहतात. कोनी कंस मात्र तिच्या आतही बदलावेच लागतात, हे विसरू नये.

तिसरी बाब अवतरणचिन्हांची. लेख टंकणारी काही साधनं सरळ अवतरणचिन्हं आपणहून वळणदार करतात. छपाईला ती शोभतात, पण बहुतेक आज्ञावल्या त्यांनी अडतात.

लेख पाठवणाऱ्या शिक्षकांनी एवढं करावं. उतारा लहान ठेवावा, पण तो स्वतः चालवून पाहावा. त्यातले स्वतःचे परवलीचे शब्द काढून टाकावेत. उताऱ्याचं छायाचित्र पाठवू नये : त्यातून मुलांना मजकूर उचलता येत नाही, आणि अंध वाचकाचं वाचनयंत्र त्यापाशी मुकं होतं. संपादकानंही परक्याची आज्ञावली आपल्या कामाच्या यंत्रावर चालवू नये. ती वेगळ्या, बंदिस्त ठिकाणीच तपासावी.

शेवटी लेख छापून आला, की त्यातला उतारा उचलून एकदा चालवून पाहावा. तो चालला, तर दूरच्या एखाद्या शाळेतल्या मुलालाही तो चालेल.