कमरेचे कडे मोडते तेव्हा

काचेची बांगडी फरशीवर पडली तर तिचे किती तुकडे होतात? दोन, तीन, कधी पाच. पण एकाच जागी फुटून ती तशीच राहिली, असे सहसा घडत नाही. कडे एका जागी उघडायचे तर ते दुसरीकडे कुठेतरी वाकले पाहिजे, आणि काच काही वाकत नाही. हे ध्यानात ठेवा, कारण तुमच्या कमरेतही असेच एक कडे आहे.

शरीरशास्त्रात त्याला श्रोणी म्हणतात. दोन बाजूंना दोन रुंद नितंबास्थी आणि मागे, कण्याच्या तळाशी, पाचरीसारखे त्रिकास्थी. नितंबास्थी पुढे ओटीपोटाखाली कूर्चेने एकमेकींना जोडलेल्या असतात, तर मागे जाड अस्थिबंधांनी त्रिकास्थीशी. धडाचे सारे ओझे कण्यावरून त्रिकास्थीवर आणि तेथून मागच्या दोन सांध्यांतून मांड्यांत उतरते. म्हणून हे मागचे बंध फार बळकट असतात. तरुण माणसाच्या बाबतीत ते तुटायला भरधाव मोटारीची धडक किंवा नारळाच्या झाडावरून पडण्यासारखा आघात लागतो.

अशा वेळी पहिला धोका हाडाचा नसतो, रक्ताचा असतो. त्रिकास्थीच्या पुढे नीलांचे दाट जाळे आहे. ते फाटले की मोडक्या हाडांतून आणि नीलांतून रक्त आतल्या आत साचू लागते. प्रौढ माणसाच्या अंगात रक्त असते सुमारे ५ लिटर. त्यातले दोन-तीन लिटर आत गेले तरी बाहेर थेंबही दिसत नाही! कडे पुस्तकासारखे उघडले असेल तर आतली पोकळी मोठी होते, आणि रक्ताला साचायला जागाच जागा मिळते.

उपाय मात्र आश्चर्य वाटावे इतका साधा आहे: एक रुंद पट्टा किंवा घडी केलेली चादर घट्ट आवळून कडे मिटवायचे. कुठे आवळायची? कमरेवर नव्हे. उभे राहून मांडीच्या वरच्या टोकाशी बाहेरून चाचपा; हाडाचा एक उंचवटा हाताला लागेल. चादर त्या पातळीवर हवी. हे काम अर्थात शिकलेल्या माणसाचे. तुम्ही अशा जखमीला बसवू नका, कुशीवर वळवू नका आणि १०८ ला फोन करा.

जीव वाचला की मग सांधणीचा प्रश्न. टोरांटोचे शल्यचिकित्सक मार्विन टाइल यांनी १९८८ साली या अस्थिभंगांचे तीन गट मांडले. पहिल्यात कडे स्थिर असते; विश्रांती पुरते. दुसऱ्यात ते दारासारखे उघडते-मिटते, पण वरखाली सरकत नाही. तिसऱ्यात मागचे बंधही तुटतात आणि अर्धी श्रोणी वर सरकते. पूर्वी अशा रोग्याला पायाला वजन लावून कित्येक आठवडे निजवून ठेवीत. हाडे भरून येत, पण एक पाय आखूड राही आणि पाठदुखी मागे लागे.

आज पुढची फट न गंजणाऱ्या पोलादाच्या पट्टीने मिटवतात. खरी कसोटी मागे असते. नितंबास्थीतून त्रिकास्थीत सुमारे ७ मिलिमीटर जाडीचा पोकळ स्क्रू घालतात. त्याची वाट अरुंद असते, आणि आजूबाजूने पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची मुळे गेलेली असतात. म्हणून आधी एक बारीक तार सारतात. क्ष-किरणांचे यंत्र तिरपे करून ती दोन-तीन दिशांनी पाहतात आणि जागा पटली की तिच्यावरून स्क्रू फिरवत नेतात. कातडीवरची चीर जेमतेम सेंटिमीटरभर!

त्यानंतर त्या बाजूच्या पायावर बहुधा सहा ते बारा आठवडे भार द्यायचा नसतो. गंमत म्हणजे, पुढची पट्टी पुढे कधी कधी मोडते. तिथला सांधा मुळातच किंचित हलणारा, आणि हलत्या जागी पोलादही थकते. पण तोवर बंध भरून आलेले असतात, त्यामुळे त्रास नसेल तर शल्यचिकित्सक ती मोडकी पट्टी तशीच राहू देतात.