एक तार उलटी

आमच्या घरी १९७९ सालच्या गणेशोत्सवातली एक टेप आहे. इंदूरच्या जुन्या घरात, गणपतीपुढे आत्याबाई गात आहेत आणि तबल्यावर आमचे वडील. दोघेही आज हयात नाहीत. दुसरी टेप नाही.

गेल्या दिवाळीपूर्वी घराला रंग दिला, कपाटे हलली. सामान पुन्हा जागच्या जागी लावून आम्ही ती टेप ऐकू लागलो, तो डग्गा जणू नाहीसाच झालेला! तबल्याच्या चाटेचे बोल स्वच्छ, पण त्यामागचा घुमारा गेलेला. आत्याबाईंचा स्वरही समोरून न येता खोलीभर पसरल्यासारखा वाटे. एका दुरुस्ती करणाऱ्याने निदान केले, की टेप जुनी झाली, तिच्यावरचा लेप झडला. डिजिटल प्रत करताना खर्ज भरपूर वाढवून घ्या. आम्ही तयारही झालो होतो. तेवढ्यात पुतण्या हेडफोन लावून ऐकू लागला आणि म्हणाला, "काका, डग्गा आहे की यात!"

टेपेत आहे, मग खोलीत का नाही? दोष स्पीकरमागच्या तारांत निघाला. ॲम्प्लिफायरकडून प्रत्येक स्पीकरला दोन तारा येतात, एक तांबड्या खुंटीची, एक काळीची. सामान लावताना डाव्या स्पीकरच्या तारांची आम्ही अदलाबदल करून बसलो होतो. त्यामुळे उजव्याचा कागदी शंकू पुढे येऊन हवा ढकली, त्याच क्षणी डाव्याचा मागे जाऊन ती ओढून घेई. १०० हर्ट्‌झच्या स्वराची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते. एवढ्या लांब लहरी दोन स्पीकरांच्या मधोमध बसलेल्या श्रोत्यापाशी एकमेकींना पुसून टाकतात. उंच स्वरांच्या लहरी वीतभर किंवा त्याहूनही आखूड, त्यांची अशी सरसकट वजाबाकी होत नाही. शिवाय आमची टेप एका मायक्रोफोनवर घेतलेली, म्हणजे दोन्हींकडे तंतोतंत तेच गाणे, आणि म्हणून वजाबाकीही पुरेपूर.

या चुकीने काही जळत नाही, आवाजही येतच राहतो. म्हणूनच ती लपते. गंमत अशी, की दोन्ही स्पीकर उलटे जोडले तर बहुधा कोणाच्या लक्षातही येत नाही. शंका असल्यास ॲम्प्लिफायरच्या तारा काढून दीड व्होल्टच्या सेलचे धन टोक तांबड्या खुंटीला आणि ऋण काळीला क्षणभर टेकवावे. दोन्ही स्पीकरांचे शंकू एकाच दिशेने हलले पाहिजेत.

जी उलटापालट आमच्या मुळावर आली, तीच 'बॅलन्स्ड' केबलमध्ये मोठ्या खुबीने कामी लावलेली असते. तारेच्या जाळीआड एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारा असतात. एकीतून संकेत सुलटा जातो, दुसरीतून बहुधा तोच उलटा. वाटेत विजेच्या ५० हर्ट्‌झची घरघर घुसते, ती दोन्हींत सारखीच. पलीकडचे यंत्र दोन्ही तारांतला फरक तेवढा घेते. सारखी असलेली घरघर उडते, गाणे उरते. पिळलेल्या जोडतारेचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना १८८१ साली मिळाले, तेही दूरध्वनीसाठी.

मंडपात मायक्रोफोनची तार वीस-तीस मीटर जाते, तिथे ही केबल हवीच. घरात यंत्रे शेजारी शेजारी असतात. मीटरभर अंतरासाठी तिच्यावर पैसे उधळण्यात आम्हांला अर्थ दिसत नाही. असेलच, तर डाग देताना जपावे. एक्सएलआर जोडणीत १ क्रमांकाच्या टाचणीला जाळी, २ ला धन आणि ३ ला ऋण, असे ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीचे १९९२ चे प्रमाणक आहे. त्यापूर्वीच्या काही यंत्रांत ३ ही धन असे. एकाच केबलीच्या एका टोकाला २ आणि ३ ची अदलाबदल झाली, की पुन्हा आमचीच कथा.

आम्ही तार सुलटी केली आणि आईला बोलावले. डग्ग्याची पहिली घुमक ऐकताच ती दारातच थांबली. "हा त्यांचा डावा हात," एवढेच म्हणाली. खर्ज न वाढवता टेपेची डिजिटल प्रत त्याच आठवड्यात करून घेतली.