दोन तासांचे विमान आणि पहाटेची घाई

महाळुंगे पडवळहून मुलगा मुलाखतीसाठी विमानाने दिल्लीला निघाला, की घरात कोणीतरी म्हणतेच, "दोन तासांचे तर विमान, मग पहाटे उठायची घाई कशाला?" वाचकहो, हा हिशोब एकदा मांडूनच बघा.

लोहगाव ते दिल्ली विमानतळ हे सरळ हवाई अंतर सुमारे ११५० किलोमीटर. जेट विमान उंचावर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास जाते. भागाकार केला तर दीड तास होतो. तिकिटावर मात्र दोन तासांहून थोडे अधिकच दिसते. कारण विमान जागेवरून हलले की वेळ मोजायला लागतात. धावपट्टीपर्यंत सावकाश जाणे, वर चढणे, दिल्लीजवळ उतरण्याची पाळी येईतो घिरट्या घालणे, सारे त्यात आले. शिवाय लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. त्यांचा सराव चालू असला तर प्रवासी विमानाने थांबायचे.

पण खरा वेळ जातो जमिनीवर. विमान दहाचे असेल, तर सामान घेण्याची खिडकी बहुतेक कंपन्या नऊलाच बंद करतात. म्हणजे आठला पोचलेले बरे. गावापासून लोहगाव साठेक किलोमीटर, आणि वाटेत चाकणची कोंडी! तिचा नेम कोणी सांगावा? तेव्हा पाचला घर सोडा. हात दाखवून थांबायला ती काही एस.टी. नव्हे.

आणि आधारकार्ड पिशवीच्या तळाशी नको, वरच्या खिशात असू द्या. तिकिटाबरोबर ते दारातच दाखवावे लागते.