हवामानाचा पाठ केवळ शास्त्रशाखेचा नव्हे

पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही, हे शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको. परंतु हा विषय शास्त्र शिकणाऱ्यांचा. मराठी, इतिहास वा अर्थशास्त्र घेतलेल्या मुलांस त्याचे काय, असा समज आपणांपैकी कित्येकांचा आहे. जुन्नर, ओतूर व मंचर येथील महाविद्यालयांत आपलीच मुलेमुली शिकतात. म्हणून हा समज दूर व्हावा, असे आम्हांस वाटते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली व पुन्हा २००३ साली दिलेल्या आदेशांनुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा पर्यावरण अभ्यासक्रम आखला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. योजना उत्तम होती. पण असा विषय परीक्षेपुरता पाठ करून सोडून दिला, तर त्याचा उपयोग काय?

माळीणचेच उदाहरण घ्या. ता. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी या गावावर डोंगर कोसळून सुमारे दीडशे माणसे गेली. एका दुर्घटनेचा सारा बोल हवामानबदलावर ठेवणे बरोबर नाही. मात्र उष्ण हवा अधिक बाष्प धरते. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले, असा निष्कर्ष पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केला. येथवर शास्त्र सांगते. पण उतारावर खाचरे काढण्याची गरज का पडली, गावकऱ्यांनी एकमेकांच्या हातभाराने घातलेली पडकई आणि यंत्राने केलेले सपाटीकरण यांत अंतर काय, आणि दुर्घटनेचा दोष कोणी कोणावर ठेवला, हे प्रश्न समाजशास्त्राचे व इतिहासाचे आहेत.

तीच गोष्ट हिरड्याची. ता. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने आपल्या पश्चिम पट्ट्यातील हिरड्याची फार हानी केली. हिरडा हे आदिवासी कुटुंबांचे रोख उत्पन्न. तरी भरपाईसाठी त्यांस दीर्घकाळ झगडावे लागले. पीक कशास म्हणावे, नुकसान कोणी मोजावे, हे वादळ ठरवीत नाही. ते कायदा व अर्थशास्त्र ठरवितात.

इतिहासाच्या विद्यार्थ्यास तर लांब जावयास नको. जुन्नरच्या लेण्यांतील एका प्राचीन शिलालेखात करंज व वड लावण्यासाठी जमीन दान देऊन ती व्यावसायिकांच्या श्रेणीकडे सोपविल्याची नोंद आहे. झाडे लावणे एकाचे आणि ती राखणे समाजाचे, हा विचार या भूमीस नवा नाही.

आमची सूचना इतकीच की, प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांस गावांत पाठवावे. मराठीच्या विद्यार्थ्याने नक्षत्रांच्या पावसाविषयीचे वृद्धांचे शब्द व म्हणी टिपाव्यात; अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीने गारपीट झालेल्या द्राक्षबागेचा जमाखर्च मांडावा; राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने कुकडीच्या आवर्तनात टोकाच्या शेतास पाणी किती पोहोचते, हे पाहावे.

आणि आपण? घरात पावसाची जुनी टिपणे असतील, तर ती रद्दीत न घालता या मुलांपुढे ठेवावीत. उद्या पीकविम्याचा अर्ज, ग्रामसभेचा ठराव व पाण्याचा वाद हीच मुले हाताळणार आहेत. त्यांस आपल्या शिवाराचे दुःख वाचता आले नाही, तर पदवी घेऊनही ती या बाबतीत निरक्षरच राहतील.