फटाक्याला वाऱ्याची गरज नसते

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात फटाका दिवाळीपुरता राहत नाही. आंबिया बहाराच्या संत्र्यांना रंग चढू लागतो त्याच सुमारास दिवाळी येते. दिवाळी सरते, पण वानरांची टोळी आणि रानडुकरं काही सरत नाहीत. मग सुतळी बॉम्बचा एखादा पुडा तोडणीपर्यंत राखून ठेवला जातो आणि जागलीला जाताना खिशात टाकला जातो. शहरात फटाक्यांवर जी चर्चा होते ती धुराची आणि आवाजाची. बागायती गावात प्रश्न वेगळा आहे. इथे फटाका हे शेतीचं अवजार झालं आहे आणि या अवजाराची माहितीपत्रिका कुणी देत नाही.

पहिली गोष्ट अशी की फटाक्याची आग चुलीच्या आगीसारखी नसते. चूल झाकली की हवा तुटते आणि जाळ विझतो. फटाका आपला प्राणवायू सोबत घेऊन येतो. काळ्या दारूत कोळसा आणि गंधक हे जळणारे पदार्थ असतात, पण वजनाने जवळपास तीन-चतुर्थांश असतो तो सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. तापला की तो प्राणवायू सोडतो. त्यामुळे पेटत्या बॉम्बवर डबा पालथा घातल्याने तो विझत नाही, उलट डब्याच्या चिंधड्या छर्ऱ्यांसारख्या उडतात. दारू मोकळी असेल तर भस्सकन जळते. तीच दारू कागदाच्या थरांत कोंडून वर सुतळी आवळली की आत वायू साठतो, दाब वाढतो आणि धमाका होतो. म्हणजे सुतळी ही शोभेची नाही, आवाज तीच काढते. न उडालेला बॉम्ब उचलून फुंकणं किंवा चार फुसक्यांची दारू एकत्र करून नवा बार भरणं, हे दोन्ही प्रकार हात आणि डोळे घालवणारे आहेत. फुसका बार लांबूनच पाण्याने भिजवावा, बराच वेळ तसाच राहू द्यावा आणि मग बादलीत बुडवावा. पाणी उष्णता काढून घेतं आणि सोराही विरघळवतं.

गावातली पोरं लोखंडी नळीत गंधक-पोटॅश ठासून आपटतात. हे पोटॅश म्हणजे क्लोरेट. गंधकासोबत ते इतकं हळवं होतं की नुसत्या घर्षणानेही भडकतं. क्लोरेट आणि गंधकाच्या मिश्रणाची स्फोटकं बनवण्यावर आणि बाळगण्यावर केंद्र सरकारने 1992 मध्येच बंदी घातली. परवानाधारक कारखान्याला जे मना आहे ते आपण घराच्या ओट्यावर पोरांना करू देतो, याला काय म्हणावं?

हे नियम जिथून राबवले जातात ते ठिकाण आष्टीपासून फार लांब नाही. देशभरातल्या स्फोटकांचे परवाने पाहणाऱ्या ‘पेसो’ या संस्थेचं मुख्यालय नागपुरातच, सेमिनरी हिल्सला आहे. ‘नीरी’ ही पर्यावरण संशोधन संस्थाही नागपूरचीच. सर्वोच्च न्यायालयाने 23 ऑक्टोबर 2018च्या निकालात बेरियमच्या क्षारांवर बंदी आणली, कमी प्रदूषण करणाऱ्या फटाक्यांनाच मुभा दिली आणि दिवाळीसाठी रात्री 8 ते 10 ही वेळ ठरवून दिली. त्यानंतर बाजारात आलेले ‘हरित’ फटाके नीरीच्या सूत्रांवर बनतात. एका प्रकारात फुटताना पाण्याची वाफ सुटते आणि ती धूळ दाबते, दुसऱ्यात ॲल्युमिनियम कमी असतं. सूक्ष्म कण किमान 30 टक्क्यांनी घटावेत, अशी अपेक्षा. हरित म्हणजे निर्धोक, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. बोट भाजायला हरित फुलझडीही पुरते.

धुराबद्दल एकच आकडा सांगतो, कारण तो आपल्या समजुतीला धक्का देतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने 2016 मध्ये लहान मुलांच्या आवडत्या फटाक्यांचा धूर मोजला. सर्वांत वाईट निघाली ती आवाजच न करणारी नागगोळी. तिच्या धुरात सूक्ष्म कणांचं प्रमाण घनमीटरला सुमारे 64,500 मायक्रोग्रॅमपर्यंत गेलं, अनारच्या धुरात ते 4,860 होतं. आपण बॉम्ब मोठ्यांच्या हाती देतो आणि नागगोळी तीन वर्षांच्या लेकराच्या नाकाखाली पेटवतो.

वर्धा जिल्ह्याला स्फोटकांची ओळख नव्याने करून द्यायला नको. 31 मे 2016च्या पहाटे पुलगावच्या दारूगोळा भांडाराला आग लागली आणि ती विझवणारे जवान आणि अधिकारी गेले. 20 नोव्हेंबर 2018ला जुना दारूगोळा निकामी करण्याच्या जागेवर, सोनेगाव आबाजीजवळ, स्फोट होऊन सहा जण दगावले. त्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात बाजारगावला 17 डिसेंबर 2023ला स्फोटकांच्या कारखान्यातल्या स्फोटात नऊ जण गेले, त्यांत सहा बाया. या साऱ्या ठिकाणी नियम होते. बागेतल्या झोपडीत, फवारणीच्या औषधाशेजारी ठेवलेल्या पुड्याला यातलं काहीच नसतं.

आणि आता कार्बाइडची बंदूक आली आहे. प्लास्टिकच्या पाइपात कॅल्शियम कार्बाइडचे खडे आणि थोडं पाणी घालतात, लायटर मारला की धडाम. वानरं पळतात हे खरं, शिवाय खर्च कमी. पण पाण्याशी कार्बाइड मिळून जो ॲसिटिलीन वायू बनतो तो हवेत अगदी थोडा असो की खूप, पेट घेतोच. पेटला नाही म्हणून आत डोकावणाऱ्याच्या तोंडावर तो फुटतो. पाइप फुटतो तो वेगळाच. नळीत उरलेला चुना तीव्र अल्कली असतो आणि तो बुबुळात खोल शिरतो. 2025च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशा बंदुकांनी शंभराहून अधिक जणांचे डोळे जखमी केले, त्यांत बहुतेक मुलं होती. हा फटाका नाही म्हणून त्याच्यावर ना आवाजाची मर्यादा छापलेली, ना वातीची लांबी ठरलेली. माझ्या मते शेतात वापरायची सर्वांत घातक वस्तू आज हीच आहे. डुकरांनी पीक नासवलं तर वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करता येतो, डोळ्याला तशी सोय नाही.

तरीही कुणाच्या डोळ्यात कार्बाइडचा चुना किंवा बारूद उडालीच, तर डोळा चोळू नका. दूध, तूप, गुलाबपाणी काहीही घालू नका. विहिरीवर असाल तर मोटार सुरू करा, पण धार थेट डोळ्यावर घेऊ नका. बादलीत घेतलेलं स्वच्छ पाणी पापण्या उघड्या धरून निदान वीस मिनिटं हळूहळू वाहू द्या आणि लगेच सेवाग्राम किंवा सावंगीचा दवाखाना गाठा. सकाळपर्यंत थांबू नका.